मला वास येत नाही

वास घेण्यासाठी मला पगार मिळतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईने "तुम्ही काय करता?" असं विचारल्यावर मी हे उत्तर दिलं की ती एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या नाकाकडे बघते. नाक साधंच आहे. थोडं बसकं.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कंपनी आहे. अगरबत्ती, साबण, फिनेल, केसांचं तेल बनवणाऱ्यांना जे सुगंध लागतात ते आम्ही तयार करून देतो. कागदाची पट्टी अर्कात बुडवायची, हुंगायची आणि काय वाटलं ते सांगायचं, हे माझं काम. हुंगणं सोपं असतं. सांगणं अवघड, कारण सांगायला शब्द लागतो, आणि शब्द आला की भांडण आलंच.

पहिल्याच दिवशी ते झालं. मालक किरणभाईंच्या हातातली पट्टी हुंगून मी उत्साहाने म्हटलं, "वा, काय छान वास येतोय!" किरणभाईंचा चेहरा पडला.

"मेघनाबेन, आमच्या गुजरातीत वास येतो बोललं ना, तर माणूस उठून गटार बघायला जातो. सुगंध बोला. नाहीतर सोडम बोला."

कोपऱ्यातल्या टेबलावर अर्क मिसळत बसलेली जयंती हसायला लागली. ती तमिळ, पण जन्मापासून ठाण्यात, त्यामुळे मराठी माझ्याइतकंच फर्डं. "आमच्यात उलटं," ती बोलली. "वासनै म्हणजे चांगलाच वास. माझी अम्मा एकदा मराठी शेजारणीला कौतुकाने बोलली, तुमच्या घरात खूप वासना आहे. ती बाई परत आमच्याकडे हळदीकुंकवाला आली नाही."

एकच शब्द. गुजरातला गेला की नाक दाबायचं, तमिळनाडूत गेला की डोळे मिटायचे, आणि आमच्याकडे वास म्हणजे नुसता वास, चांगला की वाईट ते पुढच्या शब्दावर. हे मला तेव्हा गंमत म्हणून आवडलं. पुढे माझं नाक गेलं तेव्हा याच गमतीने मला धरून ठेवलं, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

हे लिहितेय ते ज्यांचा वास गेलाय त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या घरच्यांसाठी जरा जास्तच.

वॉर्डातला विनोद

गेल्या वर्षी गणपती उरकले आणि मला ताप आला. साधा व्हायरल म्हणून अंगावर काढला, तो उतरेचना, मग कल्याणच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट झाले. बायकांचा जनरल वॉर्ड होता. सकाळी पाणचट चहा, मग तापमान, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारी माझा नवरा मंगेश खिचडीचा डबा घेऊन यायचा. तो शाळेत गणित शिकवतो. वर्गात शिकवण्याच्याच आवाजात तो मला "अजून दोन घास" सांगायचा आणि पलीकडच्या खाटांवरच्या बायकाही निमूटपणे दोन घास जास्त खायच्या.

शेजारच्या खाटेवर आंबिवलीच्या एक आजी होत्या. एका सकाळी त्यांनी कपाळाला, मानेला, गुडघ्यांना बाम चोळला. अर्धी बाटली संपली असावी. त्यांची सून आत आली ती ओढणी नाकाला लावूनच. "आई, अहो डोळ्यांतून पाणी आलं माझ्या! सगळ्या वॉर्डात वास मारतोय."

मी दोन हातांवर होते. मला काही कळलं नाही.

मी लांब श्वास घेतला. हवा आत गेली, थंड लागली, बस. बामाचा वास नाही, औषधांचा नाही, उशीच्या अभ्र्याचा नाही. नाक चोंदलेलं असतं तर समजण्यासारखं होतं, पण नाक स्वच्छ मोकळं होतं.

सिस्टर आल्या. त्या केरळच्या, कल्याणात बरीच वर्षं काढलेल्या. मी घाबरत म्हटलं, "सिस्टर, मला वास येत नाहीये."

सिस्टर माझ्यावर वाकल्या, माझ्या खांद्यापाशी दोनदा हुंगलं आणि प्रेमाने बोलल्या, "नाही ताई, बिलकुल नाही येत. सकाळीच स्पंज केला ना तुमचा."

सगळा वॉर्ड हसला. आजी तर बामाची बाटली छातीशी धरून हसत होत्या. मीही हसले. चूक मराठीची होती. "मला वास येतो" हे वाक्य हुंगणाऱ्याचंही आणि वास मारणाऱ्याचंही. इतकी वर्षं वासांची नोकरी करून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मी बोटाने नाक दाखवलं. सिस्टरनी हसू थांबवलं, स्पिरिटचा कापूस आणला आणि माझ्या नाकाखाली धरला. "हा?" मी मान हलवली. त्यांनी तो आणखी जवळ आणला, अगदी टेकवलाच. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की एव्हाना मी दचकून मागे व्हायला हवं होतं.

दुपारी त्या मुद्दाम येऊन बसल्या. "आमच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "चांगल्याला मणम्, घाणीला नाट्टम्. तुमच्याकडे सगळं वास. तुम्ही ओळखता कसं?"

"बोलणाऱ्याचं नाक मुरडलंय की नाही ते बघून," मी म्हटलं. त्या एवढ्या हसल्या की डॉक्टरांनी दारातून डोकावून बघितलं. त्या दिवशी सिस्टरनी मला धीर वगैरे काही दिला नाही. गप्पा मारल्या. मला तेच हवं होतं.

नाकाची शिकवणी

ताप गेला, वास आला नाही. डोंबिवलीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई, बोलणं एकदम सरळ. त्यांनी नाकात बारीक कॅमेरा घालून बघितलं, स्कॅन करवला, तो बघितला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"रस्ता मोकळा आहे. तापाच्या व्हायरसने आतली वायर दुखावली आहे."

"परत येईल ना?"

"बऱ्याच जणांचा येतो. कधी आणि किती, हे मला सांगता येणार नाही. खोटं सांगितलं तर तुम्ही रोज कॅलेंडर बघत बसाल."

औषधापेक्षा सराव महत्त्वाचा, असं त्या म्हणाल्या. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं आणि हुंगताना तो वास आठवायचा. आला नाही तरी आठवायचा.

"म्हणजे नाकाची शिकवणी," मंगेश म्हणाला.

"हो, आणि विद्यार्थी रोज नापास होणार," डॉक्टर म्हणाल्या. "तरी वर्गात बसवायचं."

मी तिथे हसले. जिना उतरताना मध्येच बसले आणि रडले. मंगेश शेजारी बसला. वर जाणारी माणसं बाजूने सरकून जात होती.

"अगं, नोकरीचं बघू नंतर," तो म्हणाला.

पण मला फक्त नोकरीची भीती नव्हती. घर माझं वाटेनासं झालं होतं, ते कसं सांगायचं कळत नव्हतं. दार उघडलं की घर आधी नाकाला भेटतं. देव्हाऱ्यातली विझलेली वात, बाथरूममधला साबण, ओट्यावरची चिरलेली कोथिंबीर, कपाटातले कपडे, सगळं मिळून एक वास, जो फक्त आपल्याच घराचा असतो. त्याला कुठल्याच भाषेत नाव नाही. तो गेला, आणि मी कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून राहतेय असं वाटू लागलं. जेवणात तर खारट, आंबट, गोड, तिखट एवढंच उरलं. आमटी म्हणजे गरम खारट पाणी.

जयंतीचं नाक, माझी जीभ

किरणभाईंना सांगायला मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले. खोटं बोलून भागणारच नव्हतं, पहिल्या पट्टीलाच पकडली गेले असते. ते ऐकून त्यांनी टेबलावरच्या पट्ट्या गोळा करून बाजूला ठेवल्या. आता ते "आराम करा" म्हणणार आणि तो आराम कायमचा असणार, अशी मनाची तयारी करून मी उभी होते.

"मेघनाबेन," ते शेवटी म्हणाले, "नाक तर माझ्याकडे दुसरं पण आहे. जयंतीचं आहे, माझं आहे. पण हुंगून झाल्यावर बोलणारं कोण आहे? जयंती सगळ्याला 'ओके आहे' बोलते. मी सगळ्याला 'फस्क्लास' बोलतो. गिऱ्हाईक काय समजणार? तुम्ही बसा. नाक जयंतीचं, जीभ तुमची."

अशी आमची नवी जोडी जमली. जयंती हुंगायची आणि मी तिची उलटतपासणी करायची.

"गोड आहे."

"गूळ की साखर?"

"गूळ. पण जरा जळका."

"करपलेला, की तळाशी लागायच्या आधीचा?"

"आधीचा."

"मग खरपूस बोल ना!"

"मला काय माहीत गं खरपूस कधी आणि करपट कधी! आमच्यात एवढं बारीक नाय बघत."

त्या दिवसांत मला मराठीचं खरं कौतुक वाटायला लागलं. परदेशी कंपन्यांच्या कॅटलॉगात वासांना लाकडासारखा, दाण्यासारखा, हिरव्या पानासारखा असं म्हणतात. म्हणजे वासाला स्वतःचं नाव नाही, वस्तूचं उसनं घ्यायचं. आपल्याकडे बघा. कुबट ही कुठली वस्तू नाही. खवट हे कुठलं फळ नाही. खमंग, उग्र, कोंदट, ओशट, आंबूस, हिवस. ही नुसती वासांची नावं आहेत, आणि डबा उघडून कुणी "शेंगदाणे खवट झालेत" म्हटलं की कुणाला दुसरा प्रश्न पडत नाही. पण हिंदीतल्या 'सोंधा'ला मी मराठी शब्द शोधत दोन दुपारी घालवल्या. चणेवाल्याच्या टोपलीतल्या त्या निखाऱ्याच्या मडक्याभोवती जो असतो तो. खमंगच्या जवळचा, पण मातीचा हात लागलेला. नाही सापडला. किरणभाई म्हणाले, "राहू द्या, सोंधाच लिहा. चांगली वस्तू बाजूच्या घरातून मागायला लाज कसली?"

एक गोष्ट मात्र खरी घडली. वास येत नसताना मी शब्द उच्चारला की आत कुठेतरी काहीतरी हलायचं. 'खवट' म्हटलं की घशाच्या मागे किंचित आवळायचं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग लवंग हुंगताना गप्प बसू नका. बोला." तेव्हापासून मी सकाळी बाटली नाकाला लावून "तिखट, उष्ण, दाढदुखी, मसालेभात" असं पुटपुटायला लागले. मंगेश दाढी करता करता आरशातून बघायचा. एकदा त्याने विचारलं, "मंत्र कुणाकडून घेतलास?"

बेबीकाकूंनी दार वाजवलं तेव्हा

आता घाबरवणारा भाग. आमच्या मजल्यावर समोर बेबीकाकू राहतात. बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. काकूंचा आवाज अजून शेताच्या मापाचाच आहे, बांधावरून हाक मारावी तसा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी दूध गॅसवर ठेवलं आणि हॉलमध्ये फोनवर बोलत बसले. मंगेश बाहेर गेलेला. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस चालूच. मी निवांत. तेवढ्यात दारावर दोन्ही हातांनी थापा.

"मेघना! दार उघर आधी! गॅस सुटलाय नं गो, तुना वास नाय येत?"

मी दार उघडलं. काकू मला ढकलून आत गेल्या, शेगडी बंद केली, मग सिलिंडर बंद केला आणि घरातली एकूण एक खिडकी उघडली. मी बटणाकडे हात नेला तर तो फटकन मारला. "पंखा लावू नको, मेले!" मग मला जिन्यात नेऊन पायरीवर बसवलं. काकूही शेजारी टेकल्या.

"खरंच नाय येत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. तोवर त्यांना वाटत होतं की मी नोकरीतून सूट मिळावी म्हणून काहीतरी सांगतेय. तो गैरसमज त्या पायरीवर संपला.

मंगेशने दुसऱ्याच दिवशी गॅसचा अलार्म बसवला. आणि काकू रोज संध्याकाळी भाजी निवडायला घेऊन आमच्या दारात यायला लागल्या. "वास घेतंय तुझ्या घराचा," असं सांगून आत एक फेरी मारायच्या. "फ्रीजमधली डाळ आंबली. ते फडकं कुबट मारतंय, धू. बाकी बरां हाय." माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, अलार्म आधी बसवा. आणि शक्य असेल तर एखादी काकू.

वास आला, पण भलताच

दिवाळीच्या जरा नंतर, एका सकाळी मला वास आला. मी आनंदाने ओरडणार होते, तेवढ्यात मी हाताने नाकच दाबलं. मंगेशने कॉफी केली होती. आणि त्या कपातून जे येत होतं ते कॉफीचं नव्हतंच.

डॉक्टरांकडे धावलो. त्या खूश झाल्या. "वायर जोडली जातेय. आत्ता नंबर चुकीचे लागतायत एवढंच. चांगली खूण आहे."

चांगल्या खुणेने माझा छळ मांडला. कांदा परतला, तोच वास. लसूण, तोच. टूथपेस्ट, अंडं, गरम भात, सगळ्यांतून तो एकच वास. मी दहीभात, काकडी आणि फळांवर आले. गार पदार्थ कमी छळतात हे जयंतीने शोधून काढलं. ती रोज घरून बिनफोडणीचा दहीभात आणायची आणि स्वतःचं सांबार लांब, कंपनीच्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसून खायची.

आणि मग मंगेश. एका संध्याकाळी तो शाळेतून आला, सवयीने शेजारी बसला, आणि मला तोच वास त्याच्या मानेतून, शर्टातून, केसांतून आला. मी उठून खिडकीत गेले. त्याला समजायला दोन-तीन दिवस लागले की मी त्याच्यापासून लांब बसतेय. त्याने साबण बदलला. पावडर बदलली. दोनदा आंघोळ केली. शेवटी उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला लागला. एक शब्द न बोलता, आणि तेच मला सोसवेना.

एकदा मात्र तो भडकलाच. "सांग तरी, मेघना, मला कसला वास येतो? घाम? सडकं? काय?"

"नाही रे, तसं नाही."

"मग कसं? तुझं तर कामच आहे ते! जगातल्या सगळ्या वासांना शब्द आहे तुझ्याकडे, नवऱ्यालाच नाही?"

मी उत्तर शोधलं. जळकट? नाही. कुजकट? नाही. रबर, गटार, औषध, यांतलं थोडं थोडं, पण यातलं काहीच नाही. कधी न हुंगलेली गोष्ट होती ती. शब्द नाही म्हणून त्याला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून त्याला वाटत राहणार की वाईट वास त्याचाच आहे. तो आत जाऊन वह्या तपासत बसला. त्या दिवशी आम्ही दोघं वेगवेगळे जेवलो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जयंतीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भात कालवत राहिली.

"आमच्यात एक शब्द आहे," ती म्हणाली, "नाट्रम. आज तमिळमध्ये कुणाला बोलशील तर मारामारी होईल. घाण वास. पण माझे आजोबा जी जुनी स्तोत्रं म्हणायचे ना, त्यात नाट्रम म्हणजे सुगंध. देवाच्या तुळशीचा. लहानपणी मी हसायचे, देवाला घाण म्हणतात म्हणून. आजोबा सांगायचे, तुळस तीच आहे, शब्द फिरला."

"मग?"

"मग काय! मंगेश तोच आहे. तुझं नाक फिरलंय. जा, त्याला हे सांग. आणि त्या वासाला काहीतरी नाव दे बाई, नाहीतर त्याचंच नाव पडेल."

घरी जाऊन मी सांगितलं. तुळशीचं ऐकून मंगेश जरा मऊ झाला. मग मी म्हटलं, आपण शब्द बनवू. मराठीत सोय आहे, मागे 'कट' लावलं की वास तयार. जळकट, मातकट, धुरकट. पुढे काहीही लावायचं, फक्त अर्थ नको.

मंगेशने गणिताच्या माणसासारखं एकेक अक्षर लावून बघितलं. "फुरकट. टुरकट. डुरकट."

"डुरकट!" मी म्हटलं. तो शब्द ऐकताच मला आतून पटलं. हाच तो.

"म्हणजे मी डुरकट," मंगेश म्हणाला. त्याला हसू आवरेना. मलाही. समोरून काकू बघायला आल्या, काय झालं म्हणून. त्यांना सांगितलं तर त्या मंगेशला हुंगून म्हणाल्या, "मना तं नाय येत डुरकट. मना पावडरीचा येतो."

घरात तो शब्द असा रुळला की विचारू नका. "आज कांदा किती डुरकट?" "कालच्यापेक्षा कमी." आता आजाराला बोलता येत होतं. मंगेश पेपर तपासावा तसे कॉफीला गुण द्यायचा. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कागदावर तोच शब्द लिहून घेतला, अवतरणात. किरणभाईंनी विचारलं, "यात अगरबत्ती निघेल?"

सुती शर्ट

डुरकट हळूहळू मागे हटला. आधी टूथपेस्टमधून गेला, मग भातातून. लवंग एक दिवस लवंगेसारखी आली, तेव्हा मी चुकून बाटली नाकात खुपसली आणि शिंकत राहिले.

आणि एका रविवारी मंगेश हॉलमध्ये शर्टांना इस्त्री करत होता. मी दोरीवरचे कपडे घेऊन त्याच्या मागून चालले होते. गरम इस्त्रीखाली ओलसर सुती कापड, आणि त्यामागे मान, आणि त्या मानेचा वास. मी थांबले. पुन्हा हुंगलं.

"मंगेश, तुला वास येतोय."

त्याने इस्त्री उभी केली. "डुरकट?"

"नाही रे. माणसाचा. घामाचा."

त्याने इस्त्री बंद केली, हॉलमधली उशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग परत येऊन राहिलेला शर्ट पुरा केला.

आज मी पुन्हा पट्ट्या हुंगते. सगळ्या नाही. कॉफी आणि भाजक्या वासाच्या पट्ट्या जयंतीकडे जातात, त्या माझ्याकडून नीट होत नाहीत, आणि किरणभाईंना ते मान्य आहे. गुलाब पूर्वीइतका गोड येत नाही. येतो, हे पुष्कळ आहे.

बाकावरची बाई

मागच्या महिन्यात तपासणीला डॉक्टरांकडे गेले होते. बाकावर शेजारी एक बंगाली जोडपं होतं, कल्याणला राहणारं. बाई वाळलेली, पदराचं टोक नाकाशी धरून बसलेली. नवरा खालून कांदाभजी घेऊन आला होता आणि कागदातून खात होता. कंपाउंडरने नाव आणि तक्रार विचारली तर नवराच बोलला.

"इनको सब चीज़ में गंध लगता है। भात में भी, हमारे में भी। रोज़ नया बोलती है। कभी बोलती है सड़ा, कभी बोलती है जला। हमको तो नाटक लगता है।"

बाईला हिंदी फारसं येत नव्हतं, पण 'नाटक' कळलं. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पोचा..." मग मान हलवली. "ना. पोचा ना." हाताने हवेत काहीतरी पकडायला गेली आणि तो हात तसाच मांडीवर ठेवला.

पोचा म्हणजे सडका, एवढं मला आमच्या एका गिऱ्हाइकामुळे माहीत होतं. आणि ती मान हलवणं तर मला चांगलंच माहीत होतं. हा नाही. तो नाही. कुठलाच नाही.

मी तिला हिंदीत, मग खुणांनी विचारलं. कांदा? तिने डोळे मोठे केले. लसूण? हो. कॉफी? तिने दोन्ही हात कानाला लावले. दात घासताना? ती एकदम माझ्या गुडघ्याला हात लावून बंगालीत भराभर बोलायला लागली. मला एक शब्द समजला नाही आणि सगळं समजलं. मी माझ्याकडे बोट दाखवलं, मग नाकाकडे, आणि म्हटलं, "मुझे भी. बहुत महीने. अब ठीक है. पूरा नहीं, लेकिन ठीक है."

"ठीक होगा?" तिने विचारलं. तेवढं हिंदी तिला येत होतं.

"होगा."

तेवढ्यात नवऱ्याने कागद पुरता उघडला आणि गरम भज्यांचा भपकारा आमच्या दोघींच्या दिशेने आला. माझ्यात डुरकट अजून थोडा उरलाय. आम्ही दोघींनी एकाच क्षणी नाक दाबलं, तोंड एकसारखं वाकडं केलं, आणि एकमेकींकडे बघून हसत सुटलो. ती तर डोळे पुसत होती.

नवरा आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. एक त्याची बायको, एक अनोळखी मराठी बाई, आणि दोघींची तोंडं सारखी वाकडी. त्याने हातातल्या भज्याकडे बघितलं. मग कागद मुडपला, उठला आणि दारापाशी गेला.

"हम सीढ़ी पर खाके आते हैं," तो तिला म्हणाला, आणि जाताना दार नीट लावून घेतलं.